ॲपवर एक मीटर लाट दिसते, मग किनाऱ्यावर का नसते?

मित्रा, वयाने तू बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. ज्यांनी तुझा प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तू कोपरखैरण्याला राहतोस, गोव्यात आठवडाभर सर्फिंग शिकून आलास आणि नंतर जानेवारी-फेब्रुवारीत लागोपाठ चार रविवार आपल्याच किनाऱ्यावर गेलास. ॲप चारही वेळा साधारण एक मीटर लाट दाखवत होतं. पहिल्या रविवारी सकाळी ७ ला वसई-विरारकडच्या राजोडीला पाणी घोट्याएवढं आणि मेलेलं. दुसऱ्या रविवारी दुपारी १ ला अलिबागजवळच्या नागावला सगळा फेस, एकही धड लाट नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी साडेबाराला नागावलाच लाटा थेट वाळूवर आपटत होत्या, दोनदा बोर्ड अंगावर आला. आणि चौथ्या रविवारी सकाळी साडेसातला राजोडीला दीड तास असा मिळाला की तू परत येताना गाडीत गात होतास. तुझा प्रश्न आहे की कुठलं ॲप खरं मानायचं, आणि इतकी बेभरवशाची लाट असेल तर सरळ गोव्याला जावं का, आणि स्वतःचा बोर्ड घ्यावा का.

मी ठाण्यात चरईला राहतो, अकरा वर्षं झाली गाडीच्या टपावर बोर्ड बांधून या किनाऱ्यांना जातोय, सुरुवातीची तीन वर्षं जवळजवळ दर वेळी तुझ्यासारखाच वैतागून परत यायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ॲप चारही वेळा बहुतेक बरोबरच होतं. तू आधी वार ठरवलास, मग लाटेची उंची बघितलीस आणि जमेल त्या वेळेला पोचलास. आपल्या किनाऱ्यावर लाट दिवसाची नसते रे, तासाची असते. बाहेरच्या देशातले सगळे व्हिडिओ सांगतात की आधी स्वेल (लांबून समुद्रातून चालत आलेली लाट) बघा, मग वारा, मग टाइड, म्हणजे भरती-ओहोटी. आपल्याकडे हा क्रम मी उलटा लावतो, आधी भरती-ओहोटी, मग वारा आणि सगळ्यात शेवटी स्वेल. का ते खाली सांगतो. पण हे डहाणूपासून मुरुडपर्यंतच्या सपाट वाळूच्या किनाऱ्यांसाठी आहे हे लक्षात ठेव. जसजसं दक्षिणेला जाशील तसा भरती-ओहोटीचा फरक कमी होतो आणि मग माझा क्रम तितका लागू पडत नाही. आणि तू अजून शिकाऊ आहेस, लाँगबोर्डवर आहेस, हे धरूनच बोलतोय. शॉर्टबोर्डवाल्याचं गणित वेगळं.

आता भरतीचं बघू. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो, गोव्यात तोच फरक दोन मीटरच्या आसपास असतो. तू गोव्यात शिकलास म्हणून तुला वाटलं की टाइड ही बारीकसारीक गोष्ट आहे. इथे तसं नाही. आपले किनारे एकदम सपाट, दर ५०-६० मीटरला एक मीटर उतार धरला तरी साडेचार मीटर पाणी उतरलं म्हणजे काठ अडीचशे मीटर लांब गेला. म्हणजे सकाळी ज्या वाळूच्या उंचवट्यावर लाट फुटत होती तो दुपारी कोरडा पडलेला असतो आणि त्यावर पोरं क्रिकेट खेळत असतात.

लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात फुटते. एक मीटरची लाट १.३ मीटर पाण्यात फुटणार. आता सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. उधाणाला साडेचार-पावणेपाच मीटरचा चढ असेल तर मधल्या दोन तासांत दर तासाला सव्वा मीटरच्या आसपास पाणी वाढतं. म्हणजे बघ, ज्या दांड्यावर लाट छान फुटत होती (वाळूच्या उंचवट्याला आम्ही दांडा म्हणतो) तिथलं पाणी तासाभरात दुप्पट खोल झालं, लाट तिथे फुटायचीच बंद झाली. उधाणाच्या दिवशी एका दांड्यावर तुला जेमतेम तास-सव्वा तास मिळतो, तो चुकला की संपलं.

भांगाच्या दिवसात मात्र, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. पाणी फार वर जात नाही, फार खालीही जात नाही, दिवसभर मधल्या पातळीच्या आसपासच घुटमळतं. आणि आपल्याला हवी असते तीच मधली पातळी. पूर्ण ओहोटीला लाट लांब सपाट जागेवर फुटून तिचा जीव संपतो आणि तुझ्यापर्यंत नुसता फेस येतो, पूर्ण भरतीला ती वरच्या उभ्या उतारावर किंवा बंधाऱ्याच्या दगडांजवळ येऊन एकदम आपटते आणि परत फिरणारं पाणी पुढच्या लाटेला धडकतं. मधल्या पाण्यात ती दांड्यावर हळूहळू उलगडते. भांगाला ही मधली वेळ दोन-तीन तास टिकते. त्यामुळे ऑफिसवाल्या माणसाला, ज्याच्याकडे आठवड्यातून एकच सकाळ आहे, भांग म्हणजे सोनं आहे.

हे मला कुठल्या ॲपने नाही शिकवलं. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी वसईच्या बाजूच्या, त्या बोलता बोलता म्हणायच्या, आज भांग आहे, बोंबील कमी आहेत, उधाणाला येते घेऊन. डोल जाळी पाण्याच्या ओढीवर चालते, उधाणाला ओढ जोरात म्हणून मासळी जास्त पडते. मी त्यांना एकदा विचारलं की भरती कधी लागणार हे तुम्हाला कसं कळतं, तर त्यांनी सांगितलं तिथीची पाऊणपट कर. तिथीचा आकडा घे, तीनने गुण, चारने भाग, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला ६, द्वादशीला ९, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना तोच हिशोब. सकाळी जी वेळ तीच साधारण संध्याकाळीही. किनारपट्टीवरच्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या पाठ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, भांगाच्या आसपास कधी तासाचाही फरक पडतो, त्यामुळे आदल्या रात्री टाइड टेबल बघायचंच. पण महिनाभर आधी कुठला रविवार मोकळा ठेवायचा हे ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं, कुठलंही ॲप महिनाभर आधीची लाट तुला सांगू शकत नाही.

आता तू दिलेल्या तारखांच्या तिथ्या मी काढून बघितल्या. पहिला रविवार पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, उधाण, ओहोटी साडेसहाला. तू ७ ला पोचलास म्हणजे पाणी सगळ्यात लांब होतं तेव्हा. साडेनऊपर्यंत थांबला असतास तर बहुतेक तासभर मिळाला असता. तिसरा रविवार अमावास्येचा, साडेबाराला पूर्ण भरती, ते आपटणं त्यामुळे, आणि अशा पाण्यात उतरायचंच नव्हतं, मान मोडते तिथे. दुसरा आणि चौथा रविवार मात्र दोन्ही अष्टमीचे, म्हणजे भांगाचे. पाणी दोन्ही दिवशी चांगलं होतं, तरी एकदा फेस आणि एकदा तू गाणी म्हणत परत आलास. फरक कशाचा? एकदा दुपारी १ ला गेलास आणि एकदा सकाळी साडेसातला. म्हणजे वाऱ्याचा.

वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, परीक्षेत दोन मार्कांना यायचे आणि आपण विसरून गेलो, तेच इथे कामाला येतात. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र तेवढा होत नाही, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हा मतलई. लाट येते समुद्राकडून आणि हा वारा तिला समोरून थोपवून धरतो, त्यामुळे ती उशिरा फुटते, लाटेची समोरची बाजू साफ राहते, उभं राहायला वेळ मिळतो. सर्फर याला ऑफशोअर म्हणतात. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा उलटा फिरतो, खारा वारा सुरू. तो लाटेला मागून ढकलतो, लाटांवर लाटा चढवतो, ताशी १५ किलोमीटरच्या वर गेला की तुझ्यासारख्याने पाण्यात राहण्यात अर्थ नाही. थंडीत हा बदल साधारण १० ते १२ च्या दरम्यान होतो, एप्रिल-मेमध्ये त्याच्याही आधी आणि जास्त जोराने.

मतलई रोज सारखा नसतो. रात्र निरभ्र आणि गार असेल तर जोरात, ढगाळ किंवा दमट असेल तर नावापुरता. ॲपचं मॉडेल काही किलोमीटरच्या चौकोनांत हिशोब करतं, अर्धा चौकोन जमीन आणि अर्धा समुद्र आला की किनाऱ्यावरचा हा बारीक वारा त्याला नीट धरता येत नाही, त्यामुळे पहाटेच्या वाऱ्याबाबत मी ॲपपेक्षा नाकावर विश्वास ठेवतो. अक्षरशः नाकावर. ठाण्याला खाडी पूर्वेला आहे, पहाटे साडेचारला चरईत गच्चीवर खाडीचा वास आला की समजायचं वारा पूर्वेकडून आहे, मतलई लागलाय, निघायचं. तुझ्याकडे कोपरखैरण्यात खाडी पश्चिमेला, म्हणून तुझा हिशोब उलटा, पहाटे खाडीचा वास आला तर वारा पश्चिमेचा आहे, सावध राहा.

एक बारीक चूक बरेच जण करतात. ॲपवर वाऱ्याचा बाण असतो तो वारा कुठे चाललाय ते दाखवतो, पण अक्षरात लिहिलेली दिशा वारा कुठून येतोय ती असते. पूर्व लिहिलेलं असेल तर बाण पश्चिमेकडे तोंड करून असणार. आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत त्यामुळे आपल्याला पूर्व, ईशान्य, आग्नेय हे शब्द दिसले पाहिजेत.

आता स्वेल, म्हणजे तुझं ते एक मीटर. ॲप जो पहिला मोठा आकडा दाखवतं तो सगळ्या लाटांची बेरीज करून काढलेला असतो, आणि तोही सरासरी नाही, सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्या एक मीटरमध्ये आदल्या दुपारच्या वाऱ्याने उठवलेलं ५ सेकंदांचं खळबळणारं पाणी असू शकतं किंवा लांबून आलेला १३ सेकंदांचा स्वेल असू शकतो, आकडा तोच. म्हणून खाली जाऊन वेगवेगळे आकडे बघायचे, विंड वेव्ह किती आणि स्वेल किती, आणि प्रत्येकाच्या पुढे सेकंद किती. सेकंद म्हणजे एक लाट आणि दुसरी लाट यांच्यातलं अंतर वेळेत मोजलेलं. मला ०.४ मीटर आणि १३ सेकंद दिसलं तर मी निघतो, १.१ मीटर आणि ५ सेकंद दिसलं तर गादीवर कूस बदलतो. लांब सेकंदांची लाट किनाऱ्याजवळ आली की उठून उभी राहते आणि लाटांच्या दोन झुंडींच्या मध्ये पाणी शांत होतं, तेव्हा पॅडल करून, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी वल्हवत, बाहेर जाता येतं. ५ सेकंदांच्या पाण्यात तो श्वासच मिळत नाही.

या लांब लाटा येतात कुठून? एक म्हणजे पार दक्षिणेकडून, ४० अंश दक्षिणेच्या आसपासच्या वादळांमधून. १६ सेकंदांचा स्वेल खोल समुद्रात ताशी ४५ किलोमीटरने सरकतो, साडेसहा हजार किलोमीटर यायला सहाएक दिवस लागतात. म्हणजे पुढच्या रविवारची लाट आज सोमवारी निघालेली असते. एप्रिल-मेमध्ये हे जास्त होतं, केरळात अशा अचानक येणाऱ्या समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तर मुंबईलाही याचा इशारा होता. हे इशारे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था, देतं, त्यांचा अंदाज मी दर गुरुवारी बघतो, तूही सवय लाव. दुसरा स्वेल थंडीत वायव्येकडून येतो, अरबस्तानच्या बाजूला शमाल वारे सुटतात त्याचा. पण नकाशा उघडून बघ, वसई-विरारच्या वायव्येला सौराष्ट्र आडवं पडलंय. त्यामुळे हा स्वेल राजोडीला अर्धवट पोचतो, अलिबागच्या खाली जास्त पोचतो, रत्नागिरीला आणखी. ॲपवर स्वेलची दिशा ३१५ अंश, म्हणजे वायव्य, दिसली तर मी वसईकडे न जाता पेण-वडखळवरून नागाव किंवा काशीदकडे गाडी वळवतो.

आणि आपल्याकडे लाट लहान का, याचं खरं कारण समुद्राच्या तळाशी आहे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनेकशे किलोमीटर पसरलाय. मुंबई हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून १६० किलोमीटर लांब, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच खोल आहे. १४ सेकंदांच्या लाटेला १५० मीटर खोलीपासूनच तळ लागायला लागतो, म्हणजे ती मुंबई हायच्याही पलीकडून तळ घासत घासत येते आणि शक्ती गमावते. केरळ-कर्नाटकात हा उथळ पट्टा बराच अरुंद आहे, म्हणून कर्नाटकातल्या मुल्कीला जी लाट मिळते ती त्याच स्वेलमध्ये आपल्याला मिळत नाही. हे वाचून निराश होऊ नको. याचा अर्थ इतकाच की आपल्याकडे लाट कमरेएवढी धरायची आणि ती साफ कशी मिळेल ते बघायचं, आणि शिकणाऱ्याला कमरेएवढी साफ लाट यापेक्षा चांगली शाळा नाही.

तर सध्यापुरतं एवढं की तिथीवरून भांग किंवा मधली भरती सकाळी कधी येते ते काढायचं, पहाटे मतलई आहे का बघायचं आणि स्वेलमध्ये उंचीआधी सेकंद वाचायचे. उदाहरण देतो म्हणजे पक्कं होईल. समजा डिसेंबरात रविवारी द्वादशी आहे. बाराची पाऊणपट ९, म्हणजे पूर्ण भरती ९ ला, त्याआधीची ओहोटी ३ ला, मधलं पाणी ६ ला. डिसेंबरात सूर्य ७ ला उगवतो, साडेसहाला पुरेसं दिसायला लागतं. म्हणजे साडेसहा ते आठ-सव्वाआठ हे तुझे दीड-पावणेदोन तास, नंतर पाणी वरच्या उतारावर जाऊन आपटायला लागणार. राजोडीला जायचं तर ठाण्यातून घोडबंदर रोडने पावणेपाच-पाचला निघायला हवं, कोपरखैरण्यातून साडेचारला. उशीर झाला तर घोडबंदरवरचे ट्रेलर तुझी भरती खाऊन टाकतात, हे मी कितीदा अनुभवलंय. सप्तमी ते एकादशी असेल तर जरा सैल, सातला पोचलास तरी चालतं. आणि रविवारी अमावास्या किंवा पौर्णिमा आली तर पहाटे धावायची गरज नाही, आरामात साडेआठला पाण्यात उतर, वारा फिरायच्या आत पाऊण-एक तास मिळेल, तेवढ्यासाठी जायचं का ते तू ठरव. मी जवळपास राहत असतो तर गेलो असतो, दीड तास गाडी चालवून सहसा जात नाही.

रोजचा सराव घरबसल्या होतो. तू हार्बरने वाशीचा पूल ओलांडत असशील कधी, किंवा ऐरोली-मुलुंड पूल, तिथून खाडीकडे बघ. चिखल उघडा पडून त्यावर फ्लेमिंगो पसरलेले असतील तर ओहोटी, तिवरांच्या मुळांपर्यंत पाणी असेल तर भरती. खाडीत पाणी आत यायला वेळ लागतो त्यामुळे खुल्या किनाऱ्याच्या मागे असतं थोडं, पण आज चतुर्थी म्हणजे तीनला भरती असं मनात म्हणून दुपारी पुलावरून खात्री करायची, दोन महिन्यांत तिथी आणि पाणी डोक्यात बसतं. मी वहीपण ठेवतो. तिथी, पोचलो ती वेळ, वारा, किती सेकंद, कुठल्या झाडासमोर दांडा होता आणि काय मिळालं, चार ओळी बस. दांडे पावसाळ्यात मोडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नव्याने बनतात, मागच्या वर्षीची जागा या वर्षी नसते, त्यामुळे वही दरवर्षी नव्याने चालू करावी लागते.

हंगामाचं थोडक्यात. जून ते ऑगस्ट पाण्यात उतरायचं नाही. वारा सतत समुद्राकडून, लाट तीन मीटर, ओढ भयंकर, पाण्यात ओंडके आणि कचरा, यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते ती उगाच नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो, पण माझा विश्वास सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. मुंबईतून मॉन्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, त्याच्या पुढेमागे मतलई परत सुरू होतो आणि समुद्रात पावसाळ्याची थोडी ताकद अजून शिल्लक असते, वर्षातले माझे सगळ्यात आवडते तीन आठवडे हेच. दुसरा चांगला काळ एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, फक्त तेव्हा सकाळी ९ च्या आत उरकायचं. डिसेंबर-जानेवारीत पाणी साफ पण लाट बारीक, त्यात शिकायचं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ अरबी समुद्रात लांब निघून गेलं तेव्हा मागे मोठा स्वेल आला होता, पण अशा वेळी किनाऱ्यावर उभं राहून बघणं हेच तुझ्यासाठी योग्य, अजून तीन-चार वर्षं तरी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खाडीच्या तोंडाजवळ उतरू नको, अर्नाळ्याला वैतरणेचं तोंड आहे, रेवदंड्याला कुंडलिकेचं. तिथे दांडे सुंदर बनतात आणि लाट मोहात पाडते. तिसऱ्या वर्षी मी अशाच एका तोंडाजवळ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भरती उतरायला लागल्यावर दोन तासांनी आत होतो, लाट बघत होतो, काठाकडे बघत नव्हतो. मान वळवली तेव्हा सुरूची झाडं काडेपेटीएवढी दिसत होती. उधाणाच्या ओहोटीत अख्खी खाडी समुद्रात रिकामी होत असते, तिच्याशी सरळ भांडून कोणी जिंकत नाही. मी किनाऱ्याला समांतर, खाडीपासून लांब पॅडल करत राहिलो, चाळीसेक मिनिटांनी लाटांचा पट्टा सापडला आणि त्यांनी मला आत आणलं. बोर्ड आणि लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) नसती तर हे लिहायला मी नसतो. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी काठावरची एक खूण बघतो, एखादं झाड, एखादी टपरी, ती सरकली की बाहेर. एकट्याने कधीही नाही, आणि जीवरक्षक किंवा गावातलं कोणी आज नको म्हणालं तर बोर्ड परत गाडीवर. भरपूर चालत आत जावं लागतं तिथे पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, गढूळ पाण्यात पाकट बसलेलं असतं, पायाची चाहूल लागली की ते निघून जातं, वर पाय पडला तर काटा मारतं. आणि गाडी ओल्या वाळूवर लावू नको, तू पाण्यात असताना भरती तिच्यापर्यंत पोचते.

गोव्याचं विचारलं होतंस. जा, जमेल तेव्हा जरूर जा, तिथे दिवसभर पाण्यात राहता येतं आणि उभं राहण्याचा सराव झपाट्याने होतो. पण वर्षातून दोनदा जाणार, आणि राजोडी-नागावला जमवलंस तर वर्षातून वीस सकाळी मिळतील. वीस सकाळी दीड-दीड तास, सर्फर त्याने बनतो. शिवाय इथली लाट ओळखायला शिकलेला माणूस कुठेही गेला तरी आधी पाण्याकडे बघतो, ॲपकडे नाही.

राहिला बोर्ड. आत्ता नको घेऊ. पुढच्या सहा भांगांना, म्हणजे साधारण तीन महिने, सप्तमी ते एकादशीत जे रविवार येतील ते मोकळे ठेव आणि भाड्याच्या बोर्डवर जा, वही लिही. त्यातल्या चार सकाळी तू वेळेवर पोचलास आणि वहीत अंदाज बरोबर निघाला तर बोर्ड घे, आणि घेताना ९ फुटी सॉफ्टटॉपच (वरून मऊ फोमचा बोर्ड) घे, जाड आणि रुंद. दुकानदार ७ फुटी दाखवेल, गाडीत बसतो म्हणेल, पण आपल्या कमरेएवढ्या दमलेल्या लाटेत तो बुडतो. टपावर बांधायला रुंद पट्टे घे, घोडबंदरला ट्रेलर शेजारून गेला की बारीक दोरी बोर्ड कापते. पहिली वही भरली की इथेच टाक, तिथी आणि वेळ लिहून, मी माझ्या त्या तारखांशी ताडून बघतो आणि कुठे चुकतंय ते सांगतो.